बंब, गिझर की सोलर? न्हाणीतली जुनी सोय बदलण्याचा खरा खर्च

नोव्हेंबरच्या मध्यावर गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी आटोपत येते, घरोघरी चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू होते आणि त्याच सुमारास पहाटेचा गारठा अंगात शिरू लागतो. विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचे नाव वारंवार येते. पारा दहा अंशांखाली उतरणे इथे नवलाचे नाही. नेमक्या याच दिवसांत जुना गिझर दगा देतो, बंबाला भोक पडते, आणि घाईघाईने दुकानात जाऊन समोर दिसेल ती वस्तू उचलली जाते.

युरोप-अमेरिकेत थंडी म्हणजे अख्खे घर तापवणारी यंत्रणा. ती जुनी झाली की बदलायला लाखो रुपये लागतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून ते आकडे ऐकून आपण थक्क होतो. आपल्या घरांत खोल्या तापवायची गरज नसते. तापवायचे असते ते अंघोळीचे पाणी. पण हा खर्चही वाटतो तितका लहान नाही. आठ हजारांचा गिझर दहा वर्षांत सत्तर हजारांहून जास्त रुपये खर्चायला लावतो, आणि त्यातला मोठा वाटा दुकानदाराला नाही, वीजबिलात जातो. म्हणून जुनी सोय बदलण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर मांडा.

पुढचे भाव जिल्ह्याच्या बाजारातले साधारण भाव आहेत. कंपनी, दुकान आणि हंगाम यांप्रमाणे त्यात कमी-जास्त होईल.

थोडक्यात उत्तर

पाच माणसांच्या घरात, वस्तू, जोडणी आणि किरकोळ सामान धरून, पाणी तापवण्याची सोय नव्याने करायला एवढा खर्च येतो:

- १५ लिटरचा विजेचा गिझर: सुमारे ११ ते १५ हजार रुपये. अर्थिंग नव्याने करावे लागले तर आणखी अडीच ते साडेचार हजार.
- गॅस गिझर: सुमारे ७ ते १० हजार रुपये.
- १०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर: सुमारे २५ ते ३२ हजार रुपये.
- लोखंडी पत्र्याचा बंब: दोन ते तीन हजार रुपये. तांब्याचा बंब वजनावर विकला जातो, त्यामुळे त्याची किंमत चांगल्या गिझरच्या घरात जाते.

हा झाला पहिल्या दिवसाचा खर्च. रोजच्या खर्चात हा क्रम पार बदलतो, ते पुढे पाहू.

दुरुस्ती करायची की बदलायचे?

गिझर पाणी तापवत नाही म्हणजे तो संपला, असे नसते. बहुतेक वेळा बिघाड तीन-चार जागीच असतो. कॉइल जळली तर ४०० ते ८०० रुपये, थर्मोस्टॅट गेला तर २५० ते ५००, आणि आतला क्षार काढून साफसफाई करायची तर ४०० ते ७०० रुपये लागतात. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातली गंजण्याची क्रिया ती स्वतःवर घेते आणि टाकी वाचवते. ती झिजली तर २०० ते ४०० रुपयांत नवी बसते. ही कांडी दोन-तीन वर्षांनी बदलली तर टाकीचे आयुष्य कितीतरी वाढते. पण तिची माहिती नसल्याने ती कोणी बदलत नाही.

आमच्या घरचा १५ लिटरचा गिझर अकरा वर्षे चालला. गेल्या हिवाळ्यात तो तापायला पाऊण तास घेऊ लागला, म्हणून मिस्त्रीला बोलावले. त्याने खालची प्लेट काढली तेव्हा चुन्याच्या रंगाचा गाळ वाटीभर खाली पडला. कॉइलवर करंगळीएवढा जाड पांढरा थर चढला होता. धातू कुठे दिसतच नव्हता. मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती आतली तार उरली होती. टाकीच्या सांध्यावर तांबूस ओल पाहून तो म्हणाला, "काका, टाकीच गेली. आता कॉइल बदलून का फायदा?" त्याचे म्हणणे खरे होते. कांडी वेळेत बदलली असती, दर दोन वर्षांनी गाळ काढला असता, तर ती टाकी आणखी काही वर्षे टिकली असती.

त्यातून निघालेला साधा नियम असा. टाकी गळत नसेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या गिझरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल, तर दुरुस्ती करा. टाकी गळत असेल, बाहेरच्या आवरणातून गंजाचे पाणी येत असेल किंवा अंगाला झिणझिण्या येत असतील, तर त्या दिवसापासून तो वापरू नका. जुना गिझर भंगारात देताना टाकी तांब्याची आहे का ते पाहून घ्या. तांब्याच्या टाकीला भाव चांगला मिळतो.

गरम पाणी लागते किती?

आपल्याकडे अंघोळ बादलीने होते, त्यामुळे हिशोब सोपा आहे. माणशी २० लिटरची एक बादली. हिवाळ्यात टाकीतले पाणी १८ अंशांच्या आसपास असते आणि अंघोळीला ४० अंश पुरते. पाच माणसांसाठी १०० लिटर पाणी २२ अंशांनी तापवायचे, तर विजेची अडीच युनिटे लागतात. टाकीतून आणि पाइपातून उडून जाणारी उष्णता धरली तर रोज तीन युनिटे. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर आहे.

गिझर किती लिटरचा घ्यावा, हेही यावरूनच ठरते. १५ लिटरच्या गिझरमधले ५५ अंशांचे पाणी थंड पाण्यात मिसळले की अंघोळीचे साधारण २५ लिटर पाणी होते, म्हणजे एका माणसाची सोय. पुढच्या माणसाला वीसेक मिनिटे थांबावे लागते. २५ लिटरच्या गिझरमध्ये दोन बादल्या निघतात. सकाळी शाळा, ड्युटी आणि दुकान यांच्या एकाच घाईत चार माणसे अंघोळीला असतील, तर १५ लिटरवर रोज चिडचिड होईल. दोघांच्या घरात मात्र २५ लिटरची टाकी उगाच तापत राहील.

इथे गावाकडच्या व्होल्टेजचाही विचार करा. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर वीस मिनिटांत तापतो. व्होल्टेज १८० वर आले की त्याची ताकद सव्वाबाराशे वॉटवर येते आणि तेच काम व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. त्यात गिझरचा दोष नसतो.

विजेचा गिझर

१५ लिटरचा गिझर ६ ते ११ हजार, २५ लिटरचा ८ ते १४ हजार, आणि ३ लिटरचा झटपट तापणारा अडीच ते साडेचार हजार रुपयांना मिळतो. झटपट गिझर स्वयंपाकघरातल्या भांड्यांना ठीक. बादलीभर पाण्यासाठी त्याची धार बारीक ठेवावी लागते, आणि तो ३,००० वॉट ओढत असल्याने जुन्या वायरीवर ताण येतो.

साठवणीच्या गिझरवर तारांकन पट्टी असणे सक्तीचे आहे. ही पट्टी टाकीतली उष्णता किती वाया जाते ते सांगते. पाच तारे असले तरी पाणी तापवायला लागणारी वीज तेवढीच लागते. वाचते ती गरम पाणी टाकीत पडून राहिले असतानाची गळती. दिवसभर चालू राहणाऱ्या गिझरला पाच तारे परवडतात. सकाळी अर्धा-पाऊण तास लावून बंद करणाऱ्या घराने पाचव्या ताऱ्यासाठी दोन हजार जास्त मोजू नयेत. तेच पैसे अर्थिंगला लावावेत.

पाणी बोअरचे असेल आणि भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर काचेचा किंवा पॉलिमरचा लेप असलेली टाकी आणि लेप दिलेली कॉइल मागा. वैनगंगेवरच्या डांगोर्ली योजनेचे नळाचे पाणी येणाऱ्या गोंदिया शहरातल्या घराची आणि बोअरवर चालणाऱ्या घराची गरज सारखी नसते.

गॅस गिझर

गॅस गिझर ४ ते ७ हजार रुपयांना मिळतो. पाण्याची जोडणी, आयएसआय नळी, रेग्युलेटर धरून वर दोन-अडीच हजार. तो दोन मोठ्या सेलवर पेट घेतो, त्यामुळे वीज गेली तरी चालतो आणि टाकी तापायची वाट पाहावी लागत नाही. पण त्याला पाण्याचा दाब लागतो. छतावरची टाकी नळापेक्षा निदान दोन-तीन मीटर उंच नसेल तर तो पेटत नाही आणि विकत घेतलेली वस्तू भिंतीवर नुसती टांगून राहते. घेण्याआधी दुकानदाराला आपली टाकी किती उंचीवर आहे ते सांगा.

गॅस गिझर न्हाणीच्या आत बसवायचा नाही. त्याचे कारण सुरक्षेच्या भागात सविस्तर दिले आहे.

सोलर वॉटर हीटर

१०० लिटरची, दहा काचेच्या नळ्यांची यंत्रणा १६ ते २४ हजार आणि १५० लिटरची २२ ते ३२ हजार रुपयांना पडते. तांब्याच्या पट्ट्यांची सपाट पेटी घ्यायची तर १०० लिटरला २८ ते ४० हजार लागतात. सपाट पेटी जास्त वर्षे टिकते. पण बोअरच्या जड पाण्याने तिच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने तुंबतात. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांची यंत्रणा सोयीची पडते, कारण नळी काढून साफ करता येते आणि फुटली तर एकटी नळी बदलता येते. एका नळीला साधारण ३०० ते ६०० रुपये लागतात.

आपल्या जिल्ह्यात नळ्या फुटण्याची दोन कारणे वरचेवर दिसतात: फेब्रुवारी ते एप्रिलमधली गारपीट आणि छतांवर उड्या मारणारी माकडे. गावात माकडांचा त्रास असेल, तर यंत्रणेवर बारीक जाळी बसवण्याचे हजार-दीड हजार रुपये आधीच हिशोबात धरा. जाळीने ऊन थोडे अडते. पण फुटक्या नळ्यांतून आख्खी टाकी रिकामी होण्यापेक्षा ते चालेल. टाकी रिकामी राहून नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या असतील, तर दुपारी त्यात गार पाणी सोडू नका, काच तडकते. पाणी भरायचे ते सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळल्यावर. एप्रिल-मेमध्ये पाणी उकळत असेल तर निम्म्या नळ्या पोत्याने झाका.

भरलेली १०० लिटरची यंत्रणा आणि तिचा सांगाडा मिळून दीड-दोनशे किलो भार होतो. स्लॅबला तो सहज पेलतो. कवेलूच्या किंवा टिनाच्या छतावर ती ठेवता येणार नाही. अंगणात किंवा सांदवाडीत पक्का ओटा बांधून ठेवता येते. साध्या, बिनदाबाच्या यंत्रणेला थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते. तुमची सिंटेक्सची टाकी स्लॅबवरच टेकलेली असेल, तर तिला उंच करायला विटांचा किंवा लोखंडी ओटा आला. त्याचे तीन ते पाच हजार रुपये विक्रेता आधी कधी सांगत नाही.

जुलै-ऑगस्टच्या झडीत आणि ढगाळ हिवाळी दिवसांत सोलर तापत नाही. टाकीत विजेची कॉइल बसवून घ्या. तिचे हजार-दीड हजार रुपये होतात.

अनुदानाबाबत फसगत होऊ देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली पीएम सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. त्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान मिळते. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते लागू नाही. "सूर्यघरमधून सोलर गिझर देतो" असे कोणी म्हणाले, तर आगाऊ पैसे देऊ नका. फायदा मिळतो तो करात: सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तर विजेच्या गिझरवर तो १८ टक्के आहे. पावतीवर ५ टक्केच लावले आहेत का ते बघा. घरपट्टीत सोलरची सूट आहे का, हे आपल्या नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत एकदा विचारा.

बंब आणि रॉड

बंबाला मोडीत काढण्याची घाई नको. शेतातल्या तुराट्या, फांद्या, गोवऱ्या घरच्या असतील तर त्याला रोख खर्च जवळपास नाही. पाच जणांच्या पाण्याला रोज अडीच-तीन किलो सरपण लागते. विकत घ्यायचे तर आठ रुपये किलोने हिवाळ्याचे तीन हजारांच्या वर जातात. पण नवेगाव-नागझिराच्या आसपासच्या गावांत सरपण आणणे म्हणजे बायकांनी जंगलात जाणे, आणि त्या वाटेवर वाघ-अस्वलाचा धोका असतो. या गावांतले सरपण कमी व्हावे म्हणूनच जन-वन विकास योजनेतून गॅसजोडण्या दिल्या गेल्या. बंब ठेवायचाच तर तो उघड्यावर, अंगणात ठेवा. धुराचा कोंडमारा घरात नको.

रॉड पाचशे ते हजार रुपयांना मिळतो. १,५०० वॉटचा रॉड बादलीभर पाणी बावीस-पंचवीस मिनिटांत तापवतो, आणि वीज गिझरइतकीच खातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो ठीक. लहान मुले असलेल्या घरात तो नकोच.

किमतीच्या चिठ्ठीवर नसलेला खर्च

गिझरची किंमत मनात धरून गेलेला माणूस घरी आल्यावर या खर्चांनी गोंधळतो:

- वायरिंग: २,००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी यांना १,५०० ते ३,००० रुपये.
- अर्थिंग: खड्डा, पाइप किंवा पट्टी, कोळसा-मीठ आणि मजुरी मिळून २,५०० ते ४,५०० रुपये. जुन्या मातीच्या घरांत ते बहुधा नसतेच.
- आरसीसीबी: गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारे हे उपकरण १,५०० ते २,५०० रुपयांना मिळते. ३० मिलिअँपिअरचेच मागा.
- पाइप: साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने वाकतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो. सोलर छतावर आणि न्हाणी खाली असेल तर त्याला ३ ते ६ हजार रुपये. हे अंतर जितके कमी, तितके पाणी कमी निवते.
- मंजूर भार: जुन्या घरांचा वीजभार अनेकदा एक किलोवॉटचाच असतो. बिलावर तो छापलेला असतो. गिझर घेण्याआधी महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करा.

महिन्याचे बिल: खरी गोम इथे

महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांनी चढतो. शंभर युनिटपर्यंतचा दर आणि १०१ ते ३०० युनिटचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या पायरीचे युनिट साधारण ७ रुपयांना, तर दुसऱ्या पायरीचे १२ ते १४ रुपयांना पडते. नेमका आकडा आपल्या बिलाच्या मागे पाहा.

पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही यांत शंभर युनिटे आधीच संपलेली असतात. गिझरची महिन्याची नव्वद युनिटे म्हणून सगळी वरच्या पायरीवर जाऊन बसतात. १३ रुपयांनी महिन्याला सुमारे ११७० रुपये; नोव्हेंबर ते मार्चच्या पाच महिन्यांत ५,८५० रुपये.

तेच पाणी गॅस गिझरवर तापवले तर १४.२ किलोचे एक सिलेंडर साधारण ५५ दिवस पुरते. पाच महिन्यांना पावणेतीन सिलेंडर. नऊशे रुपयांच्या भावाने सुमारे २,५०० रुपये. शेगडीवर गंजात तापवले तर उष्णता जास्त वाया जाते आणि तेच २,९००-३,००० रुपये होतात. सोलरला ढगाळ वीस दिवसांची वीज धरली तर हिवाळ्याचे ८०० रुपये.

दहा वर्षांचा हिशोब

आजचेच दर पुढची दहा वर्षे कायम धरले, तर पाच माणसांच्या घराला असा खर्च येतो:

- विजेचा गिझर: बसवणे १२ हजार, वीज साडेअठ्ठावन्न हजार, दुरुस्ती तीन हजार. एकूण सुमारे ७३,५०० रुपये.
- गॅस गिझर: बसवणे ८ हजार, गॅस २५ हजार, मध्येच एकदा नवा गिझर आणि दुरुस्ती १० हजार. एकूण सुमारे ४३ हजार रुपये.
- सोलर: बसवणे २८ हजार, वीज ८ हजार, नळ्या आणि दुरुस्ती ५ हजार. एकूण सुमारे ४१ हजार रुपये.

विजेच्या गिझरच्या तुलनेत सोलरला सुरुवातीला १६ हजार जास्त लागतात आणि वर्षाला पाच हजार वाचतात. म्हणजे सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. गॅस गिझर आणि सोलर यांचा दहा वर्षांचा खर्च जवळपास सारखाच येतो. तिथे निवड सोयीची आणि सुरक्षेची आहे. वीज किंवा गॅस महागेल तसे पारडे सोलरकडे झुकत जाईल. छतावर सूर्यघरचे पॅनेल आधीच असेल आणि तयार होणारी वीज शिल्लक राहत असेल, तर मात्र विजेचा गिझरच स्वस्त. दुसरा सोलर घेऊ नका.

या तीन ठिकाणी काटकसर नको

पहिले, अर्थिंग. ओले अंग, ओली फरशी आणि वीज एकत्र येतात ती जागा म्हणजे न्हाणी. अर्थिंग नसलेला गिझर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी धोक्याचाच. मिस्त्रीला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा दिवा लावून दाखवायला सांगा. तो मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग बेकार आहे. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला. अंघोळीला जाण्यापूर्वी गिझरचे बटण बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दुसरे, हवा. गॅस गिझर जळताना खोलीतला प्राणवायू संपवतो. प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याचे भानही राहत नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीतल्या गॅस गिझरमुळे माणसे अशी गेली आहेत. गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे. बाळंतिणीच्या खोलीत तर ती मुळीच नको.

तिसरे, मानक. साठवणीच्या विजेच्या गिझरवर आयएस २०८२, गॅस गिझरवर आयएस १५५५८ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे. गिझरच्या टाकीवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो म्हणून कोणी तो बंद करत असेल तर त्याला थांबवा. टाकी फुटू नये म्हणूनच तो दिलेला असतो.

दुकानात जाताना

पक्की जीएसटी पावती घ्या. "कच्च्या पावतीवर पाचशे कमी" हा सौदा हमी घालवतो. टाकीवर किती वर्षे, कॉइलवर किती, बाकी वस्तूवर किती, हे तीन आकडे हमीपत्रावर दुकानदाराच्या शिक्क्यासह लिहून घ्या. जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करायची अट आहे का, जड पाण्याने झालेला बिघाड हमीत बसतो का, आणि देवरी किंवा अर्जुनी मोरगावला दुरुस्तीला माणूस कुठून व किती दिवसांत येईल, तेही विचारा. माणूस नागपूरहून येणार असेल, तर ऐन थंडीत आठवडाभर बंबाचीच आठवण येईल. गोंदिया, तिरोडा, आमगाव यांतल्या दोन दुकानांत तरी भाव विचारा, आणि भावात जोडणी व पाइप धरले आहेत का ते कागदावर घ्या.

तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही निकाल लागला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पावती मात्र हवीच.

कोणत्या घराला काय?

स्वतःचे घर, स्लॅब आणि चार-पाच माणसे असतील तर सोलर घ्या आणि त्यात विजेची कॉइल ठेवा. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे बाळ असेल आणि गरम पाणी बारमाही लागत असेल, तर सोलरचे पैसे आणखी लवकर फिटतात. भाड्याचे घर किंवा दोनच माणसे असतील तर १५ लिटरचा विजेचा गिझर पुरे. वीज वारंवार जाते, छत कवेलूचे आहे पण टाकी उंचावर आहे, अशा घराला न्हाणीबाहेर बसवलेला गॅस गिझर योग्य. घरचे सरपण मुबलक आहे आणि अंगण मोकळे आहे, त्यांनी बंबाला डाग देऊन आणखी दोन हिवाळे काढावेत आणि त्या काळात सोलरसाठी पैसे बाजूला टाकावेत.

खरेदी शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी करा. तेव्हा मिस्त्री मोकळे असतात आणि भावही ताणलेला नसतो. चुकारा हातात आल्यावरच घ्यायचे असेल, तर निदान अर्थिंग आणि वायरिंगचे काम आधी उरकून ठेवा. पैसे कमी पडत असतील तर गिझर लहान घ्या, तारे कमी घ्या, पण अर्थिंग टाळू नका.